बोर्डबाई आणि चौदा नंबर

माझ्या आत्याला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारं एकच माणूस मी पाहिलं, ते म्हणजे तिचा नवरा. आणि तोही ती रागावलेली असली तरच तशी हाक मारायचा. बाकी अख्ख्या गल्लीला ती बोर्डबाई. कोपऱ्यावरच्या शिंप्याला विचारा, दूधवाल्याला विचारा, त्यांना दुसरं नाव ठाऊकच नाही.

मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोनच्या खोलीत तिनं उभी हयात काढली. लहानपणी मी एकदा तिथं गेले होते. खोली म्हणजे जिन्याखालची अडगळीची जागा, खिडकी नावापुरती. पण भिंतीला टेकून उभा असलेला तो बोर्ड पाहिला आणि मी तोंडाचा आ केला तो बराच वेळ मिटलाच नाही. लाकडी कपाटाएवढा बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा, प्रत्येक भोकावर हरभऱ्याएवढा दिवा. खाली टेबलातून जोडीजोडीनं डोकं वर काढलेल्या दोऱ्या, टोकाला पितळी पिना. कुठल्याशा वॉर्डात कुणी फोन उचलला की त्याच्या भोकावरचा दिवा लागे. आत्या एक पिन तिथं खोची, "बोर्ड, बोला" म्हणे, आणि समोरच्यानं मागितलेल्या नंबराच्या भोकात जोडीतली दुसरी पिन. झालं काम. बोलणं संपलं की दोन्ही पिना ओढायच्या. दोऱ्यांना खाली वजनं बांधलेली असत, त्या सर्रकन आपापल्या बिळात जात. तापलेल्या वायरींचा आणि आत्याच्या केसातल्या तेलाचा मिळून एक वास त्या खोलीला होता. तो वास मला अजून कुठं भेटलेला नाही.

बोर्डाची एक शिस्त होती. नंबर ठरलेले. ऑपरेशन थिएटरचा तो थिएटरचाच. माणसं बदलली, डॉक्टर आले नि गेले, भिंतींना चार वेळा रंग लागला, पण भोकाखाली पांढऱ्या रंगानं लिहिलेला आकडा जागचा हलला नाही. चौदा म्हणजे मेट्रनबाई. मेट्रनबाईंचा दिवा लागला की हातातली कपबशी खाली ठेवायची, एवढा त्या आकड्याचा धाक. आत्याला ते सगळे आकडे पाठ होते. पाठ होते म्हणण्यापेक्षा अंगात मुरले होते. कुणी नुसतं खाकरलं तरी ती ओळखायची की हा एक्स-रेवाला.

आणि लोक तिला आवाजावरून ओळखत. कापडाच्या दुकानात एकदा ती "जरा ते निळं दाखवा" एवढंच म्हणाली, तर शेजारी बसलेला एक अनोळखी म्हातारा वळून म्हणाला, "तुम्ही हॉस्पिटलच्या बोर्डवरच्या ना? माझी बायको अ‍ॅडमिट होती तेव्हा तुम्ही मला रोज जोडून द्यायचात." आत्या त्या दिवशी निळं कापड घ्यायचं विसरून घरी आली.

पुढं बोर्ड गेला, आपोआप जोडणारं यंत्र आलं, आत्या निवृत्त झाली. यजमान गेले. तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढ्यात ती एकटी उरली. वरच्या मजल्यावर चित्रकलेचे निवृत्त मास्तर, तेही एकटेच. रोज सकाळी ते खाली यायचे, एक पेपर दोघांत वाटून वाचायचे, आणि राजकारणावरून कडाडून भांडायचे. ते भांडण ऐकल्याशिवाय गल्लीचा दिवस सुरू होत नसे.

आत्याची मुलगी, म्हणजे आमची ताई, दुसऱ्या शहरात नोकरीला. ती किती दिवस मागं लागली होती, "आई, तू माझ्याकडं ये, ते घर बंद करू." आत्या प्रत्येक वेळी काहीतरी काढायची. उन्हाळा होऊ दे. डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे. कुंडीतल्या मोगऱ्याला कळ्या आल्यात. खरं कारण एकच होतं, तिला स्वतःच्या घरात राहायचं होतं, आणि ते कारण कारण म्हणून चालत नाही हेही तिला कळत होतं.

मग एकदा ती न्हाणीत घसरली. मनगटावर निभावलं. पण ताईला ते कळलं कधी, तर प्लास्टर वाळल्यावर, आणि कुणाकडून, तर मास्तरांकडून. त्या घराच्या भिंती जाडजूड, आत्याच्या बटणांच्या फोनला आत रेंज मिळत नसे. मागच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं तर मिळे. ताईनं सुट्टी टाकली, आली, आणि आईसमोर बसून स्वच्छ सांगितलं.

"हे बघ आई, घरात इंटरनेट घ्यायचं. मी टॅब आणलाय. रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी मी फोन करणार आणि मला तुझं तोंड दिसलं पाहिजे."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर मी बॅग घेऊन येते आणि तुला घेऊन जाते. मग मोगरा नाही, डोळे नाही, काही ऐकणार नाही."

"कॅमेरा पण बसवू म्हणत होतीस ना दारात?"

"बसवू या ना."

"मी काय बँक आहे? टॅब ठेव, कॅमेरा घेऊन जा."

तर अशी ती अट ठरली. ताईला आई रोज सकाळी दिसली पाहिजे, नाहीतर घराला कुलूप.

राऊटर बसवायला जो आला त्याला आम्ही वायरवाला म्हणायचो. पोट सुटलेला, शिडीच्या दुसऱ्या पायरीवरच धापा टाकणारा माणूस. पूर्वी टीव्हीच्या केबली ओढायचा, आता ही. त्यानं खांबावरून वायर आणली, दाराच्या चौकटीतून आत घेतली आणि दाराशेजारीच राऊटर ठोकायला निघाला. चपट्या डब्यासारखं ते यंत्र, मागं दोन काड्या उभ्या, पुढं हिरव्या दिव्यांची रांग. दिवे पाहिल्याबरोबर आत्यानं चष्मा लावला.

"थांबा. हे करतं काय, आधी ते सांगा."

"मावशी, नेट येतं ह्याच्यातून."

"नेट वायरीतून आलं. ते मला दिसलं. हा डबा काय करतो?"

वायरवाला शिडीवर बसला. बसायला निमित्त मिळालं म्हणून असेल, पण माणूस समजावून सांगायला लागला. "बाहेरून तुमच्या घराला एकच लाइन, एकच नंबर. आत तुमचा टॅब, टीव्ही, ताईंनी आणलेला तो गाण्यांचा डबा, उद्या आणखी कुणाचा फोन. सगळ्यांना बाहेर जायचंय, पण दार एकच. कोण कुठं जाणार, आलेलं कुणाचं, ते हा बघतो."

"म्हणजे बोर्ड."

"कसला बोर्ड?"

"ते राहू द्या. टॅबनं आणि टीव्हीनं एकदमच बाहेर मागितलं तर? एकाला थांबवतो?"

"थांबवायची गरज नाही. बोलणं अखंड जातच नाही मावशी. त्याचे बारीक बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता. एक तुकडा टॅबचा, एक टीव्हीचा, परत एक टॅबचा. इतकं भरभर की दोघांना वाटतं लाइन आपलीच."

आत्यानं मान हलवली. हे तिला आवडलं. "आणि परत आलेला तुकडा? बाहेरच्याला तर घराचा एकच नंबर ठाऊक. आत कुणाला द्यायचा?"

"कुणी काय मागितलं ते हा ध्यानात ठेवतो. टॅबनं मागितलेलं टॅबलाच देतो."

"न मागता कुणी आत घुसलं तर?"

"दारातूनच परत. आतून कुणी हाक मारली नसेल तर हा ओळख दाखवत नाही."

"शहाणा आहे," आत्या म्हणाली. "आमची दुपारच्या पाळीवाली कुणालाही कुठंही जोडायची. एकदा मयताच्या चौकशीचा फोन तिनं बाळंतिणींच्या वॉर्डात दिला होता."

मग तिनं वायरवाल्याला दाराजवळ राऊटर ठोकू दिला नाही. आवाज चारी बाजूंनी पोचायचा तर बोलणारा मधे हवा, एवढं तिला सांगावं लागत नव्हतं. वायरवाल्यानं कुरकुर करत वायर वाढवली आणि मधल्या खोलीत, उंच फळीवर यंत्र ठेवलं. "लोखंडी कपाटावर नको," तो म्हणाला, "लोखंड लहरी अडवतं. आणि वर शोभेची चादर-बिदर टाकू नका, तापतं." आत्या म्हणाली, "आमचा बोर्ड तापायचा तेव्हा आम्ही त्याच्यावर पाव गरम करायचो." वायरवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, खरंय.

सगळं विचारलं तिनं. फक्त एक गोष्ट विचारली नाही, आतल्या यंत्रांना नंबर कोण देतं. विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नसणार. नंबर हे भोकाखाली लिहिलेलेच असतात.

राऊटरच्या बुडाला एक चिकटपट्टी होती. त्यावरचा पत्ता टॅबमध्ये टाकला की राऊटरचं पान उघडतं आणि आत कोण कोण जोडलंय त्याची यादी दिसते, हे वायरवाल्यानंच तिला दाखवलं होतं. दाखवलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. आत्या रोज ते पान उघडून बसायला लागली. कुणी पंचांग बघावं तसं. एका दुपारी मी गेले तर ती धुमसत होती.

"हे बघ. काल टॅबच्या नावापुढं शेवटी अकरा होतं. आज सतरा. टीव्ही परवा बारा होता, आज दहा. हे काय लॉजिंग आहे? रोज नवी खोली?"

"आत्या, काय फरक पडतो? चालतंय ना?"

"चालतंय म्हणून काय झालं? मेट्रनबाईंना रोज नवा नंबर दिला असता तर हॉस्पिटल चाललं असतं का?"

"इथं कुठल्या मेट्रनबाई?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी पाण्याचा तांब्या भरायला आत गेले.

पुढच्या वेळी गेले तेव्हा ती खुशीत होती. टॅबच्या सेटिंगमध्ये 'आपोआप' काढून 'स्वतः भरा' करता येतं, हे तिनं हुडकून काढलं होतं. टीव्हीला तिनं हॉस्पिटलच्या कँटीनचा नंबर दिला, कारण तिथं वेळ जातो. गाण्यांच्या डब्याला गेटवरच्या वॉचमनचा, कारण तोही दिवसभर गुणगुणायचा. आणि टॅबला, ज्यावर ताईचा फोन येतो त्या टॅबला, चौदा. "आता कुणी हलवून दाखवा," ती म्हणाली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी म्हटलं, छान.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळचे फोन बिघडायला लागले.

रोज नाही. एखाद्या दिवशी ताईचा चेहरा लख्ख दिसे, बोलणं झकास. एखाद्या दिवशी फोन वाजतच नसे. एखाद्या दिवशी वाजे, ताई दिसे, "आई, आज काय के..." इथपर्यंत येऊन थिजे. तोंड अर्धं उघडं, हात हवेत. टॅबवर जोडलंय अशी खूण असायचीच. आत्या टॅब बंद करी, चालू करी, राऊटरचे दिवे बघी. दिवे हिरवेगार.

ताईनं एकदा मला फोन केला. आवाजात थोडा संकोच होता. "ए, एक विचारू का? हसू नकोस. आईकडचं नेट ज्या दिवशी जातं ना, त्या दिवशी मागं मास्तर बसलेले असतात. जातं त्याच्या आधी त्यांचा आवाज येतो मला. ते उशिरा येतात त्या दिवशी सगळं ठीक. मला काही कळेना."

"ताई, तुला म्हणायचंय काय?"

"काही नाही म्हणायचं. पण आई मुद्दाम बंद करत नाही ना? मास्तर आले की?"

मी हसले. ती नाही हसली. मग तिचा स्वर बदलला. "काही का असेना. ह्या आठवड्यात तीनदा झालं. मी ऑफिसात बसून घाबरत राहते गं, परत पडली असेल, पडून राहिली असेल. माझं ठरलंय. मी येतेय बॅग घेऊन. तू आईला सांग, म्हणजे एकदम धक्का नको."

मी सांगायला गेले. आत्या भाजी निवडत होती. ऐकून घेतलं, निवडत राहिली, मग निवडलेली भाजी चुकून कचऱ्याच्या ताटात टाकली आणि परत वेचून काढली. "वायरवाल्याला बोलव," एवढंच म्हणाली. "ती यायच्या आत."

वायरवाला आला त्या सकाळी मास्तरही आले होते, पेपर काखेत, फोन हातात. त्यांच्या मजल्यावर राऊटरच्या लहरी पोचत नव्हत्या, मधे जाड स्लॅब. म्हणून ते खाली यायचे, आत्यानं दिलेला पासवर्ड त्यांच्या फोनमध्ये होता. वायरवाल्यानं टॅब पाहिला, राऊटरचं पान उघडलं, आणि त्याची भुवई वर गेली.

"मास्तर, तुमचा फोन इकडं द्या बरं. नेट चालतंय तुमचं?"

"चालतं, अडकतं, परत चालतं," मास्तर म्हणाले. "मला वाटलं फोनचं वय झालं. माझंही तसंच होतं."

वायरवाल्यानं दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी धरली. "मावशी, टॅबला चौदा कुणी दिला?"

"मी," आत्या म्हणाली. ताठ बसूनच म्हणाली.

"राऊटरला सांगितलंत?"

"त्याला काय सांगायचं?"

"मावशी, नंबर वाटायचं काम त्याचं. घरात यंत्र आलं की ते ह्याला नंबर मागतं, हा आपल्या मोकळ्या नंबरांतला एक उसना देतो. तुम्ही टॅबला परस्पर चौदा चिकटवला. ह्याच्या हिशेबी चौदा रिकामाच. बोलणं झालं की तुम्ही टॅब बंद करून ठेवता ना?"

"लाइन मोकळी करायची असते."

"झालं तर. टॅब बंद, मास्तर आले, त्यांच्या फोननं नंबर मागितला, ह्यानं दिला चौदा. मग तुम्ही टॅब चालू केला. आता घरात चौदा दोन. बाहेरून ताईंचा आवाज आला, राऊटर म्हणतो चौदाला द्यायचाय, कुठल्या चौदाला? थोडा इकडं जातो, थोडा तिकडं. दोघंही आंधळे. आणि वीज गेली की हा सगळं विसरतो, पण एरवी एकदा आलेल्या पाहुण्याला परत तीच खोली देतो, म्हणून मास्तर आले की हमखास."

मास्तरांनी फोन खिशात घातला, जणू तो लपवला की झालं.

"म्हणजे राँग कनेक्शन," आत्या म्हणाली. "आणि लावलं मी."

वायरवाल्याला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. त्यानं उपाय सांगितला. टॅबला परत 'आपोआप'वर टाकायचं. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक ओळखीची खूण येते. ती राऊटरच्या पानावर भरायची आणि पुढं नंबर लिहायचा, की ही खूण आली की हिला चौदाच द्यायचा, दुसऱ्या कुणाला नाही. राखीव. मग मास्तर पन्नास वेळा आले तरी चौदा टॅबचाच. त्यानं आत्याकडूनच ते सगळं भरून घेतलं, टीव्हीचं आणि गाण्यांच्या डब्याचंही, घाम पुसला आणि चहा घेऊन गेला.

तो गेल्यावर मास्तर म्हणाले, "बोर्डबाई, असं करू. लेकीला सांगा माझ्या फोनमुळं झालं. खोटंही नाही ते. चौदा माझ्याकडं गेला होताच की. मी माफी मागतो, यायचं चार दिवस बंद करतो. तुमचं घर राहील."

मला ते पटलं होतं. आत्याला स्वतःच्या हातून झालं म्हणून सांगितलं तर ताई काय म्हणणार हे उघड होतं. बघ, तुला हे झेपत नाही. चल.

"मास्तर, पेपर वाचा," आत्या म्हणाली.

ताई दुपारी आली. बॅग एवढी मोठी आणि इतकी रिकामी की उंबऱ्यावर आपटली तर पोकळ वाजली. तिनं चपला काढल्या, पाणी पण घेतलं नाही.

"आई, कपाटाची किल्ली दे."

"देते. आधी बस. नेट जात होतं ते माझ्यामुळं. मी टॅबला माझ्या मनानं नंबर दिला, तो मास्तरांच्या फोनशी भिडला. वायरवाल्यानं दुरुस्त केलंय. पण चूक माझी. मास्तरांची नाही, त्या यंत्राची नाही."

ताई तिच्याकडं बघत राहिली. "तू सेटिंग बदललंस? कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणी नाही. मला वाटलं मला कळतं."

"हेच! हेच म्हणते मी!" ताईचा आवाज चढला. "मी तिकडं जीव मुठीत धरून बसते आणि तू इथं बोर्ड-बोर्ड खेळतेस! लहानपणी पण हेच. शाळेतून आले की शेजारच्या दुकानातून तुला फोन करायचे मी. 'बोर्ड, बोला.' 'आई, मी.' 'थांब, लाइनवर रहा.' थांब! रोज थांब! सगळ्या गावाला जोडून द्यायचीस आणि मला थांबवायचीस. आता पण मी थांबलेलीच."

हे आम्ही कुणीच कधी ऐकलं नव्हतं. आत्यानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"थांबवायची खरी," ती म्हणाली. "तुझ्याशी बोलताना मधे दिवा लागला की मला तुला तोडून त्याला घ्यावं लागायचं. ते मला जमायचं नाही. म्हणून तुझी पिन तशीच ठेवून मी आधी सगळे दिवे विझवायची. भराभर. मेट्रनबाईंना सुद्धा एकदा म्हटलं होतं, नंतर करा. मग तुला घ्यायची. मग आपण किती वेळ बोलायचो, आठवतं? तू मला कविता म्हणून दाखवायचीस."

ताई तेव्हा कुठं खाली बसली.

"मी तुला हे आत्ता सांगितलं नसतं तर तुला कळलं नसतं," आत्या पुढं म्हणाली. "मास्तर तर अंगावर घ्यायला तयार होते. पण कॉल चुकीचा जोडला की ऑपरेटरनं आधी सांगायचं, मग काय व्हायचं ते होऊ दे. किल्ली गादीखाली आहे. भर."

ताईनं किल्ली घेतली. कपाट उघडलं. वरच्या कप्प्यातले कपडे काढले, पलंगावर ठेवले, परत घड्या घातल्या. घड्या घातलेल्याच होत्या. मी चहा करायला गेले आणि मुद्दाम वेळ लावला. बाहेर आले तर ताई टॅब मांडीवर घेऊन राऊटरचं पान बघत होती, आणि आत्या तिच्या खांद्यावरून बोट दाखवून सांगत होती, हा टीव्ही, हा गाण्यांचा, हा तू.

दुसऱ्या सकाळी ताईनं परीक्षाच घेतली. मास्तरांना वरून बोलावलं. "मास्तर, बसा. फोन काढा. पासवर्ड आहे ना? नेट चालू करा. काहीतरी बघा." मास्तर शाळेत उभं केल्यासारखे बसले. ताई चपला घालून बाहेर पडली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि तिथून आईला फोन लावला. टॅब वाजला. आत्यानं उचलला. ताई दिसली, मागं दूधवाल्याची सायकल दिसली. अडकलं नाही. दोघी बोलत राहिल्या. शेवटी आत्या वैतागून म्हणाली, "अगं घरात ये, चहा गार झाला!"

ताई घरात आली. बॅग तशीच दाराशी होती. तिनं ती पायानं बाजूला सरकवली आणि स्वतःचा फोन राऊटरला जोडायला घेतला.

"आई, मला कुठला नंबर देतेस?"

"राऊटर देईल तो."

"राखीव नाही?"

"राखीव घरातल्यांना. पाहुण्यांना उसनाच."

"मी पाहुणी?"

"परवा जाणार ना तू? मग?"

ताईनं मास्तरांकडं पाहिलं. मास्तर पेपरात तोंड खुपसून बसले. "आई, ह्यांचा काय आहे?" तिनं विचारलं.

"मास्तरांना दिलाय राखीव," आत्या म्हणाली. "रोज येतात ते."

ताई रागावली की हसली, मला नीट कळलं नाही. दोन्ही असेल. पण ती परवा एकटीच गेली, आणि त्यानंतर येत राहिली. कधी शनिवार-रविवार जोडून, कधी उगीच. आल्या आल्या बॅग ठेवायची आणि फोन उघडून बघायची, अजून उसनाच का. आत्यानं तिला चांगलं वर्षभर ताटकळवलं. शेवटी नंबर दिला तेव्हा कुणाला सांगितलं नाही, गुपचूप भरून ठेवला, आणि ताईला तो कळला तेव्हा तिनं भर चहाच्या वेळी मास्तरांना ऐकवलं, "बघा, मिळाला!" मास्तर म्हणाले, "अभिनंदन. पण मी सीनियर."